जे दिसलं तेवढंच

२ डिसेंबर, मंगळवार

आज माझ्यावर जो अन्याय झाला त्याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. कोर्टात होणार नाही, म्हणून इथे करतो. पहाटे केशोरी मुक्कामी माझी डाव्या पायाची चप्पल कुत्र्यानं नेली. उजवी ठेवली. दोन्ही नेल्या असत्या तर तिला चोरी म्हणता आलं असतं. एकच नेतात त्याला अपमान म्हणतात.

चप्पल बाहेर गेली कशी? तर आमचे नवे ड्रायव्हर योगराज यांच्या कृपेनं. गोंदियाहून दुपारी सुटणारी आमची एसटी केशोरीला मुक्काम करते आणि सकाळी परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात. माझी अर्धी नोकरी अशा मुक्कामांत गेली, पण झोपण्याआधी गाडी झाडून काढणारा आणि दोघांच्या चपला पायरीखाली ओळीनं मांडणारा ड्रायव्हर मी पाहिला नव्हता. गाडी सरकारची, कायदा याचा.

सकाळी मी उरलेली चप्पल त्याच्या नाकासमोर धरली आणि म्हटलं, "पाहा, हिचा काडीमोड झाला." तो हसला नाही. चपलेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या पायातल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि गोंदियापर्यंत अनवाणी गाडी चालवली. मला लाजवायला केलं, दुसरं काय.

ही वही म्हणजे मागच्या आठवड्यातल्या प्रशिक्षणाचा प्रसाद. विषय होता, 'सहकाऱ्याचा स्वभाव आणि भावना समजून घेणे'. नागपूरहून प्रेरणा मॅडम आल्या होत्या. त्यांनी प्रत्येकाला एक वही दिली आणि म्हणाल्या, ज्या माणसाशी तुमचं जमत नाही त्याच्याबद्दल रोज लिहा. पण जे दिसलं तेवढंच लिहा, अर्थ लावू नका. मी हात वर करून विचारलं, मॅडम, अर्थ न लावता बायकोबद्दल लिहून चालेल का? सगळा हॉल हसला. योगराज सोडून.

म्हणून वहीसाठी हाच घेतला.

४ डिसेंबर, गुरुवार

आज दिसलेलं: काही नाही. आज ऐकलेलं: त्याहून कमी.

नवेगावला चहा प्यायला उतरलो. मी म्हटलं, थंडी वाढली. त्यानं मान हलवली. मी म्हटलं, धान मोजून झाले का तुमच्याकडचे? मान हलवली. मी म्हटलं, योगराजभाऊ, मान जपा, पुढे रिटायरमेंटपर्यंत पुरवायची आहे. मान हलायचीही थांबली.

मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे दिवस आहेत. रोज कोणत्या ना कोणत्या गावी नाटक असतं, त्यामुळे गाडी पाहुण्यांनी भरलेली. अर्जुनी मोरगावपासून पुढे मी जो सुटलो तो केशोरीपर्यंत. एक म्हातारा तर म्हणाला, "कंडक्टरभाऊ, तुमी गाडीत कायले? स्टेजवर पाह्यजे होते." मी आरशातून योगराजकडे पाहिलं. चेहरा असा, जणू मागे माणसं नाहीत, तांदळाची पोती आहेत.

जोडी बदलून मिळावी म्हणून अर्ज लिहून ठेवला आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचत नाही. 'सहकारी शांत आहे' या कारणावर आजवर कोणाची बदली झाल्याचं ऐकिवात नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी बकरी मेली. आमच्या गाडीखाली.

केशोरीच्या अलीकडच्या वळणावर ती एकदम रस्त्यात आली. ब्रेक लागला, पण उशिरा. गाडीतली माणसं पुढच्या सीटवर आदळली, माझी तिकीट मशीन उडाली. उतरून पाहिलं तर संपली होती. जरा पलीकडे धानाच्या तणसाच्या ढिगाजवळ तिचं पिल्लू उभं. अजून दुधावरचं.

मालकीण धावत आली. मंदाबाई, एकटी राहते, घर वळणावरच. आधी बकरीजवळ बसली. मग उठून ड्रायव्हरच्या दारावर हात आपटू लागली. मला वाटलं, आता पैशाचं निघणार. पण ती म्हणाली, "बकरी गेली थे गेली. माझ्याशी एक शब्द तं बोल. मानूस हायस का खांब?"

आणि हा काय करतो? बसून. खाली उतरणं नाही, माफी नाही, मान वळवणं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, इंजिन सुरू. पळून जायच्या तयारीत असावा. शेवटी मीच खिडकीतून हात घालून चावी फिरवली. तेव्हाही हात काढले नाहीत.

गाव जमायला लागलं. तेव्हा माझ्या जिभेनं खात्याची लाज राखली, हे नम्रपणे नमूद करतो. मी पायरीवर उभा राहून समजावलं, माणसं वाचली हे पाहा, भरपाईचा अर्ज मी स्वतः भरून देतो. वर बकरीकडे बोट करून म्हटलं, हात न दाखवता गाडी थांबवणारी ही केशोरीतली पहिलीच प्रवासी. लोक हसले, ताण उतरला. मंदाबाई हसली नाही. काहींना विनोदाचं अंग नसतं.

त्यानंतर योगराजनं गावापर्यंत गाडी अशी आणली की शेजारून चालणारे पुढे गेले. स्टँडवरच्या भैयालालच्या टपरीतून आमचं जेवण येतं. यानं आपली थाळी कुत्र्याला घातली. माझी चप्पल नेणाऱ्याच कुत्र्याला. आज सकाळी मी उठलो तेव्हा हा गाडीत नव्हता. आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत दवानं भिजलेली. कुठे गेला होता ते विचारलं. त्यानं समोरची काच पुसायला घेतली.

मॅडम, जे दिसलं ते लिहिलं. दगड दिसला.

१० डिसेंबर, बुधवार

केशोरीहून तक्रार आली आहे. मंदाबाईचा अंगठा आहे, लिहून दिली आहे ग्रामपंचायतीतल्या कोणीतरी. डेपोच्या साहेबांनी ती दोनदा वाचली, कारण त्यांना वाटलं काहीतरी सुटतंय. तीत म्हटलं आहे की बकरी मेल्याबद्दल तक्रार नाही, ड्रायव्हर एक शब्दही बोलला नाही याबद्दल आहे. साहेब बिचारे नियमाचं कलम शोधत होते. प्रवाशांशी उद्धट बोलण्याला कलम आहे. न बोलण्याला नाही. शेवटी 'अपघातानंतर बेपर्वाई' यात बसवलं.

माझा जबाब घेतला. मी लिहिलं: 'चालक दगडासारखे बसून होते. त्यांच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता.' कारकून म्हणाला, ईश्वरदासजी, क्या लिखते हो. बरं वाटलं, लपवत नाही.

सुनावणी एकोणीसला. बेपर्वाई ठरली तर योगराजला स्टिअरिंगवरून काढून दूरच्या डेपोत वर्कशॉपला टाकतील, असं बोललं जातं. हे त्याला मीच सांगितलं, सहकारी म्हणून. तो म्हणाला, "बरं."

माझ्या जोडी बदलीच्या अर्जाची आता गरज नाही. आपोआप होतं ते चांगलं होतं.

१३ डिसेंबर, शनिवार

नवं प्रकरण. वही घेतल्याचं सार्थक झालं.

परवा अर्जुनीला गाडी थांबली तशी योगराज उतरून मेडिकलच्या दुकानात गेला. डोकेदुखी असेल म्हटलं. येऊन पिशवी इंजिनच्या झाकणावर ठेवली, पुढच्या खड्ड्यात ती कलंडली आणि माझ्या पायाशी एक वस्तू घरंगळत आली. दूध पाजायची बाटली. रबरी निपलची, लहान लेकराची.

योगराजची पोरगी गुंजन कॉलेजात शिकते. घरात दुसरं लेकरू नाही. आणि केशोरीला मुक्काम असला की पहाटे हा गायब असतो, दवात भिजून येतो. वहीत अर्थ लावायचा नाही, पण काही अर्थ स्वतःच येऊन मांडीवर बसतात.

आज डेपोत मी हा किस्सा सांगितला. नाव घेतलं नाही, फक्त म्हटलं, आमचे एक मौनीबाबा आहेत, तोंडानं बोलत नाहीत, पण बाकी कारभार बोलका आहे. चहाच्या टेबलावर लोक पोट धरून हसले. मी तो तीनदा सांगितला. तिसऱ्या वेळी योगराज दारात उभा होता. त्यानं ऐकलं. वळून गाडीचं पाणी तपासायला गेला.

रागावला असता तर बरं झालं असतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

योगराजच्या बायकोचा फोन आला, दुर्गेश्वरीबाईचा. मी मनात म्हटलं, झालं, बाटली घरी पोचली. गोड बोलून वेळ काढायची तयारी केली. तर बाई विचारते, भाऊजी, गाडीवर असले की हे जेवतात का?

मी म्हटलं, काऊन, घरी नाही जेवत?

म्हणाली, आठ दिवस झाले, ताटावर बसतात अन् उठतात. मी म्हटलं, तुम्ही विचारा ना त्यांना. तर ती म्हणाली, "विचारून नाही निघत त्यांचं. त्यांची माय गेली तेव्हा महिनाभर बोलले नव्हते. लोक म्हणत, याले काहीच वाटत नाही. ज्याले काही वाटत नाही तो जेवते, भाऊजी."

बाटलीबद्दल तिनं एक शब्द काढला नाही. माहीत नसेल, किंवा माहीत असेल.

हे मी घरी बायकोला, अलकाला सांगितलं. ती वाल सोलत बसली होती. मी थोडी नक्कल करून सांगितलं, मौनीबाबाचं ताट वगैरे. ती हसली, मग थांबली. म्हणाली, "तुमची एक अडचण आहे. तुमच्याजवळ रडता येत नाही. माणूस रडायला बसला की तुम्ही हसवता."

मी म्हटलं, हा तर गुण झाला.

ती म्हणाली, "हसायचं नसलं तरी हसा लागते." आणि टोपलं घेऊन आत गेली.

गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या या घरात पंचवीस वर्षांत माझ्या विनोदांवर आलेली ही पहिली लेखी-तोंडी तक्रार. कलम सापडत नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज पहाटे मी त्याच्या मागे गेलो. खरं कारण लिहितो: उद्या सुनावणी आहे आणि मला आणखी एक चांगला किस्सा हवा होता.

अजून उजाडत होतं. धानाच्या बांध्यांवरून दव तुडवत तो वळणापर्यंत गेला. हातात भैयालालकडची दुधाची किटली. मंदाबाईच्या अंगणात शिरला. मी कुडाच्या कुंपणाबाहेर थांबलो. म्हटलं, आता सापडला.

अंगणात पोतं टाकलेलं. त्यावर योगराज मांडी घालून बसला, बाटली भरली आणि ते पिल्लू धावत येऊन त्याच्या मांडीत शिरलं. ढुशा देत दूध पिऊ लागलं. त्याच्या शर्टावर दूध सांडत होतं, तो पुसत नव्हता.

आणि मंदाबाई चुलीपाशी बसून त्याला शिव्या देत होती. साध्या नाहीत, पिढ्या मोजून. बकरी कोणत्या बाजारातून आणली, कशी वाढवली, कसं तिच्या दुधावर दिवाळी झाली, मध्येच डोळे पुसणं, पुन्हा शिव्या. तो ऐकत होता. मान खाली घालून नाही, तिच्याकडे पाहून. इतकं लक्ष देऊन मला आयुष्यात कोणी ऐकलेलं नाही, आणि माझी तर वाक्यंही बरी असतात.

तिनं मला पाहिलं. "या, तुमीच राह्यले होते."

मी आत गेलो. जीभ सवयीनं काहीतरी घेऊन आलीच होती ओठापर्यंत. ते काय होतं ते इथे लिहीत नाही. बोललोही नाही.

विचारलं, हा कधीपासून येतो? ती म्हणाली, दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात उभा होता, रिकाम्या हातानं. पिल्लू वाटीतलं दूध पीत नव्हतं, हे त्यानं पाहिलं. पुढच्या वेळी बाटली घेऊन आला. "गाडी असली का हा पाजते. नसली का मले पाजा लागते. जवरिक पाजते तवरिक शिव्या माझ्या अन् कान याचे."

मी म्हटलं, बाई, मग तक्रार मागं घ्या ना. याची नोकरी अडकली आहे.

"काऊन घिऊ? नाई बोलला थे नाईच बोलला. अजूनबी नाई बोलत. खोटं लिवलं का मी?"

खोटं नव्हतं. मग तिनं चुलीत काडी सारली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले तवा न बोलनारा नोको होता, अन् तुमच्यासारखा बोलनारा बी नोको होता. माझी बकरी मरून पडली होती अन् तुमी लोकायले हासवून राह्यले होते. तुमच्यावर तक्रार कराची कोनी सांगतलं नाई, म्हनून राहून गेली."

योगराजनं बाटली धुतली, उलटी करून खुंटीवर अडकवली आणि निघाला. मी मागोमाग. बांध्यांवरून येताना आम्ही दोघंही बोललो नाही. त्याला सवय आहे. मला रस्ता फार लांब वाटला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं आणि कारकून. साहेबांनी माझा जबाब मोठ्यानं वाचला. 'पश्चात्तापाचा लवलेशही' इथे आवाज चढवला. वाक्यच तसं आहे. योगराज पंख्याकडे पाहत होता. पंखा बंद होता.

मी म्हटलं, साहेब, जबाब बदलायचा आहे.

साहेब म्हणाले, सही तुमचीच ना?

म्हटलं, सही माझी आहे. पण मला जे दिसलं ते यात नाही, जे सुचलं ते आहे. मग मी या वहीचं नऊ तारखेचं पान उघडलं आणि त्यातलं फक्त दिसलेलं तेवढं सांगितलं. ब्रेक लागला होता. इंजिन यानं बंद केलं नाही, कारण स्टिअरिंगवरून हात निघत नव्हते. चावी मी फिरवली. गावापर्यंत गाडी माणसाच्या चालीनं आणली. त्या दिवसापासून हा जेवत नाही. पिल्लाचं सांगितलं. माझ्या पायरीवरच्या विनोदाचंही सांगितलं, पूर्ण. त्यावर कोणी हसलं नाही. माझ्या कारकिर्दीतला हा एकच विनोद जो पडावा असं मला वाटत होतं.

साहेब म्हणाले, "मग पश्चात्ताप नव्हता हे कशावरून लिहिलं?"

"मला दिसेल असा नव्हता, साहेब."

मग त्यांनी योगराजला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का. तेव्हा कारकुनानंही लिहिणं थांबवलं. मी ओठ दाबून धरले, कारण त्याच्या जागी बोलून टाकायची मला फार घाई झाली होती.

तो म्हणाला, "बकरी गाडीकडे पाहत नव्हती. पिल्लाकडे पाहत होती."

एवढंच. पुढे काही आलं नाही. पण ते वाक्य खोलीतून लवकर गेलंही नाही.

बेपर्वाई काढून टाकली. लेखी समज, डोळ्यांची तपासणी, तोवर दोन फेऱ्या गाडी नाही, मग पुन्हा हाच रूट. बकरीची भरपाई नियमानं. शेवटी साहेब मला म्हणाले, तुमचा जोडी बदलीचा अर्ज आहे म्हणे? मी म्हटलं, अर्जाला कारण सापडलं नाही.

बाहेर आल्यावर मी योगराजला म्हटलं, डेपोत मी तो किस्सा सांगितला होता, बाटलीचा. चूक झाली. तीनदा झाली.

त्यानं मान हलवली. पहिल्यांदाच मी त्या मानेचा अर्थ लावला नाही.

२१ डिसेंबर, रविवार

मुक्काम केशोरी, सकाळ. बदली ड्रायव्हर प्रफुल. गोंदिया सुटल्यापासून बोलतोय: साडू, साडूची मोटरसायकल, मोटरसायकलचं कर्ज, मग दुसरा साडू. नवेगाव येईपर्यंत मी मान हलवायला लागलो होतो.

उजाडता उजाडता भैयालालकडून दूध घेतलं आणि वळणावर गेलो. मंदाबाईनं मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. "थो कोठी हाय?"

म्हटलं, दोन फेऱ्या सुट्टी आहे. डोळे दाखवायचे आहेत.

"येईन ना पन?"

"येईल."

पोत्यावर बसलो. पिल्लाला मांडी नवी वाटली, त्यानं आधी हुंगून पाहिलं, मग ढुशी दिली. मी बाटली जास्तच तिरपी धरली होती. बाईनं येऊन हात सरळ करून दिला. आज शिव्या नव्हत्या. ती बकरीबद्दल सांगत बसली. तिचं नाव रानी होतं. पाऊस आला की बकऱ्या पळतात, ही म्हणे अंगणात उभी राहून भिजायची. यावर माझ्याकडे एक फार चांगलं वाक्य तयार होतं. बाटली रिकामी होईपर्यंत मी ते तोंडात धरून बसलो. मग ते विसरूनही गेलो.

परत आलो तर प्रफुल हॉर्न वाजवत होता. किटली परत करायला टपरीवर थांबलो. भैयालाल चहाचे ग्लास घासत होता. म्हणाला, "डायव्हरभाऊची मागची दुधाची बाकी राह्यली हाय. पगार झाला का देतो म्हने. म्हने कायची, बोटानं दाखवलं."

मी खिशातून काढून देऊन टाकली. म्हटलं, त्याला सांगू नको.

"काऊन गा? मंग थो विचारीन तं?"

"तो नाही विचारणार," म्हटलं, आणि गाडीत चढून बेल दिली.